यंदाचं आणि जन्माचं

जानेवारी महिन्यात आमचे अप्पा टीव्हीचा आवाज बंद करून टेनिस बघत. पहाटे साडेपाचला मेलबर्नमधला पहिला सामना सुरू होई. त्याआधीच अप्पा कानटोपी घालून, गुडघ्यांवर चादर ओढून पडद्यासमोर बसलेले असत. आवाज का नको, असे मी एकदा विचारले. तेव्हा त्यांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितले, "ती बोलणारी माणसं हुरड्यात भाव ठरवतात, बाई."

ईशान, गौरी, तुम्ही अप्पाआजोबांना फोनवरच जास्त पाहिलेत, म्हणून ही तुमची आजी आधी त्यांची ओळख करून देते. ते तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. आमचे घराणे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळे घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदत. सोलापूरच्या भवानी पेठेत आमचे ज्वारीचे दुकान होते. वडील गेल्यावर अप्पांनी ते सांभाळले आणि धाकट्या भावाला इंजिनिअर केले. स्वतः लग्न केले नाही. कोणी कारण विचारले तर "राहून गेलं" एवढेच म्हणत, जसे बाजारातून मीठ आणायचे राहून जाते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, म्हणून ते मला घरातही 'बाई' म्हणत.

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा. आमच्याकडे तो जानेवारीत शेतावर भाजून खातात. तो गोड लागला म्हणजे पीक चांगले उतरेलच असे नाही. पुढे दाणा भरायचा असतो, वारे-पाखरे यायची असतात, कापणी-मळणी व्हायची असते. धंद्यातले हे शहाणपण अप्पांनी जसेच्या तसे टेनिसला लावले होते. वर्षाच्या पहिल्या महिन्यात कोण जोरात आहे, कोण थकलेला दिसतो, यावरून पुढच्या अकरा महिन्यांचे बोलू नये. आम्ही फारच छेडले तर ते म्हणत, "आत्ता हुरडा हाय. खळ्यावर बोलू."

टेनिसची गोडी त्यांना लागली ती एका मुरमाच्या कोर्टावर. गिरणीच्या साहेबांसाठी ते कधीकाळी केलेले होते. साहेब गेले, गिरणीही बंद पडली, कोर्ट मात्र राहिले. दुकान उघडण्याआधी अप्पा तिथे खेळून येत आणि त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट तांबडे होऊन परतत. त्यांच्या खेळाचे वर्णन तुमचे आजोबा असे करीत, की अप्पा मारत काहीच नाही, फक्त आलेले सगळे परत पाठवतो. अप्पांना हे वर्णन आवडे. गिऱ्हाईकाशीही आपण असेच वागतो, असे ते म्हणत.

पडद्यावरच्या खेळाडूंची खरी नावे ते कधी घेत नसत. उंच, सडपातळ, लांब टांगा टाकणारा कोणी नवा मुलगा दिसला की तो 'खिलार'. आमच्याकडच्या त्या शर्यतीच्या बैलासारखा. डाव्या हाताने खेळणारा 'डावखोऱ्या'. वय झालेला, दुखापतीतून परत परत येणारा एक होता, त्याला ते 'थोरला' म्हणत. सगळे जग चेंडूकडे पाही तेव्हा अप्पा पायांकडे पाहत. जोराचा फटका कुणीही मारील, पण फटका मारून झाल्यावर जो लगेच जागेवर येतो, त्याने डिसेंबरात मेहनत केलेली असते, असे त्यांचे म्हणणे. कोणी नव्या प्रशिक्षकाकडे गेला असेल तर पहिले दोन महिने त्याचे जिंकणेही धरू नये आणि हरणेही. दोघांना एकमेकांची सवय व्हायची असते, नव्या सुनेसारखी.

त्यांचे अंदाज नेहमी बरोबर येत असे मुळीच नाही. खिलारच्या बाबतीत ते एका वर्षी फार खुशीत होते, आणि उन्हाळा लागायच्या आत त्याचे मनगट दुखावले. ज्याचे पाय त्यांना पसंत नव्हते तो डावखोऱ्या त्याच वर्षी करंडकावर करंडक घेत सुटला. पण दिवाळीच्या फराळाला, टेनिसचे वर्ष संपत आले की, आपण कुठे कुठे चुकलो ते अप्पा स्वतःच सगळ्यांना सांगत. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात, अगदी मजेने सांगत. आपली चूक इतक्या चवीने सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. म्हणूनच, जी एक चूक त्यांनी दिवाळीत कधीच सांगितली नाही, ती मला ठळक दिसत राहिली.

त्यांचे एक वाक्य तुम्हा दोघांना पाठ आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्याची नक्कल करून त्यांना हसवतही होता. कोणाबद्दल काहीही मत दिले, की अप्पा मागून जोडत, "हे यंदाचं म्हणतोय हं. जन्माचं न्हाय." खेळाडू ढेपाळला, हे यंदाचं. आंब्याला मोहोर कमी, हे यंदाचं. गौरीचे गणितातले मार्क, हेही यंदाचं. ती त्यांची लकब आहे असे तुम्हाला वाटायचे. पण ती जन्मापासूनची नव्हती. ती तुमच्या बाबांमुळे लागली.

तुमचे बाबा टेनिस खेळत, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितले असेल असे वाटत नाही. आमचा बसू त्याच मुरमाच्या कोर्टावर अप्पांच्या हाताखाली शिकला आणि शाळेत असतानाच जिल्ह्यात पहिला आला. अप्पांनी त्याच्यात फार जीव गुंतवला होता. बारावीच्या वर्षी, जानेवारीत, तो आधी कोल्हापूरला पहिल्याच सामन्यात हरला आणि मग पुण्यातही. परीक्षा तोंडावर होती. खेळ चालू ठेवायचा की सोडायचा, हा प्रश्न घरात रोज जेवताना ताटांशेजारी बसलेला असे, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे.

त्याच आठवड्यात सिद्धेश्वराची यात्रा होती. यात्रेतली भाकणूक तुम्ही पाहिलेली नाही. एका वासराला दिवसभर उपाशी ठेवतात आणि होमविधीनंतर लोकांपुढे आणतात. त्याच्यासमोर धान्य, चारा ठेवतात. ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, यावरून जाणती माणसे येणारे वर्ष कसे जाईल ते सांगतात. अप्पा दरवर्षी हात जोडून ऐकायला जात. मात्र परतताना हेही म्हणत, की सगळा गाव त्या लेकराकडे डोळे लावून बसतो, आणि ते बिचारे नुसते भुकेलेले असते.

भाकणूक ऐकून आम्ही घरी आलो होतो. मनात अजून तेच वारे होते. तुमच्या आजोबांनी पायातले जोडे काढता काढता विचारले, "अप्पा, खरं सांग. बसूच्या टेनिसात काय हाय का?" जानेवारीत तोंड न उघडणारे अप्पा त्या दिवशी बोलून गेले, "यंदा पाय जड हायत पोराचे."

एवढेच. एरवी ते एक खेळातले साधे मत झाले असते, पण त्या संध्याकाळी ते भाकणुकीसारखे ऐकले गेले. दुसऱ्या दिवशी आजोबांनी बसूची रॅकेट माळ्यावर टाकली. बसू अभ्यासाला बसला. त्याला चांगले मार्क मिळाले, तो इंजिनिअर झाला, तिकडे तुमच्या मेलबर्नला गेला. सगळे चांगलेच झाले, त्यामुळे त्या वाक्याबद्दल बोलायला कोणाला निमित्तच उरले नाही.

अप्पांना मात्र ते लागून राहिले. एका शब्दाने आपण पोराचा खेळ मोडला, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हापासून प्रत्येक मतामागे ते 'यंदाचं'चे शेपूट आले. आणि दर खंडेनवमीला, दुकानातल्या तराजूची आणि मापांची पूजा होई तेव्हा, अप्पा माळ्यावरून ती रॅकेट काढीत, पुसून तराजूशेजारी ठेवीत आणि तिलाही झेंडूचे फूल वाहत. तारा सैल होत गेल्या. आजोबांनी एकदाच म्हटले, "हे कशाला आता?" अप्पा म्हणाले, हत्यार आहे, पूजा नको का? पुढे आजोबा गेले, दुकानही भाड्याने दिले, पण ही पूजा चुकली नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा एकटेच जानेवारीत सोलापूरला आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या शहरातला सामना बघायला ते इथे माझ्या हॉलमध्ये पहाटे उठून बसले, अप्पांच्या शेजारी. अप्पा तेव्हा फार वाळले होते. डॉक्टरांनी हृदयाचे सांगून ठेवले होते. पडद्यावर तो थोरला खेळत होता. बऱ्याच महिन्यांनी परतला होता आणि एका कोवळ्या पोराकडून हरत होता. मी चहा घेऊन आले तेव्हा बसू म्हणत होता, "संपला हा आता, अप्पा."

"जानेवारीत कुणाला संपवू नये, तम्मा," अप्पा म्हणाले. लाडात आले की ते त्याला कानडीतून तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. आवाज बंदच होता. चेंडू जात होता, येत होता. अप्पांनी कप खाली ठेवला आणि पडद्याकडेच बघत म्हणाले, "मी तुझं यंदाचं म्हटलं हुतं रं. जन्माचं न्हवतं म्हटलं."

कशाबद्दल, असे बसूने विचारले नाही. एवढ्या वर्षांनी त्यालाही लगेच कळले. तो चादरीच्या दशा ओढत बसला. मग हळूच म्हणाला, "अप्पा, मलाच सोडायचं होतं. पुण्याला हरलो तेव्हाच ठरवलं होतं. तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं. तुम्ही बोललात आणि मी सुटलो."

मी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. मला वाटले, अप्पा चिडतील, निदान डोळे तरी पुसतील. त्यांनी कानटोपी काढली, डोके खाजवले आणि वळून प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले.

"म्हंजे एवढी वर्षं मला त्या वासरासारखं उपाशी ठेवलंस की रं," ते म्हणाले.

बसू त्यांच्या पाया पडायला वाकला. अप्पांनी त्याला मध्येच धरून वर केले आणि "साकु, साकु" म्हणाले. साकु म्हणजे पुरे. मग उरलेला सामना दोघांनी आवाज चालू करून बघितला. थोरला हरला. अप्पांनी त्याच्याबद्दल काहीही मत दिले नाही.

त्याच वर्षी वैशाखात अप्पा झोपेतच गेले. बाबांना यायला जमले नाही आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटते, हे तुम्ही पाहिले आहे. गेल्या आठवड्यात ईशान, तू शाळेच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरलास आणि फोनवर मला विचारलेस, अप्पाआजोबा असते तर काय म्हणाले असते? ते काय म्हणाले असते हे तुला पाठ आहे. पण ते वाक्य त्यांनी एकदा उलटे म्हटले होते. तेवढे सांगायचे राहिले.

त्या पहाटेनंतर, ऊन थोडे वर आल्यावर, बसूने माळ्यावरून रॅकेट काढली. अप्पांनी आपलीही शोधून काढली. मी नको म्हटले, डॉक्टरांचे नाव घेतले, पण दोघांनी मला रिक्षात घालून बरोबरच नेले. मुरमाच्या कोर्टाच्या एका कोपऱ्यात गवत माजले होते आणि जाळी मध्यभागी पोटासारखी लोंबत होती. अप्पा एका जागी उभे राहिले आणि पूर्वीसारखेच, हात पोहोचेल ते सगळे परत पाठवू लागले. तुमचे बाबा पोट सांभाळत इकडून तिकडे धावत होते. दहा मिनिटांतच ते कमरेवर हात ठेवून थांबले. बुटांपासून गुडघ्यांपर्यंत तांबडे झाले होते.

"पाय अजून जडच हायत," अप्पा जाळीपलीकडून म्हणाले.

"हे यंदाचं म्हणताय का जन्माचं?" बसूने धापा टाकत विचारले.

अप्पांनी त्याच्या पायांकडे अगदी नीट पाहिले, थोरल्याचे पाहत तसे.

"जन्माचं," ते म्हणाले, आणि चेंडू उचलायला वाकले.