भासऱ्याशी दोन ते तीन

आवाजावर चालणारं ते ॲप ज्या मुलाने बनवलं होतं, तो कधीच फोन उचलत नसे. काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा, असं त्याने पहिल्याच दिवशी लिहून कळवलं होतं. मी गोंदियाजवळ फुलचूरला घरी बसून अनुवादाची कामं करते. खताच्या पोत्यांवरच्या सूचना, औषधांच्या खोक्यातले कागद, बँकांची पत्रकं आणि हल्ली ॲपमधली वाक्यं. लेखी बोलणाऱ्या माणसांची मला सवय आहे. पण ‘टाइप करणं विसरा, मनमोकळं बोला’ हे वाक्य ज्याच्यासाठी मराठीत लिहायचं, त्याचंच हे वागणं बघून मला जरा गंमत वाटली.

ॲपची ओळख करून देणारी एक लांबलचक फाइल त्याने पाठवली होती. पहिल्या पानावर सरसोंच्या पिवळ्या शेतात एक आजी कानाला फोन लावून हसत होती. खाली हिंदीत लिहिलं होतं की ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या गप्प होती, आम्ही त्यांना आवाज दिला. पुढे लिहिलं होतं की इथे चेहरा नाही, वय नाही, मानपान नाही, फक्त आवाज. आमच्याकडे सरसों नाही, धान होतो, आणि आमच्याकडच्या आज्यांना कुणी आवाज द्यायची गरज आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तरी मी ते सगळं मराठीत आणलं. जिथे बरेच लोक एकत्र बोलतात त्या जागेला त्याला ‘कक्ष’ म्हणायचं होतं. मी लिहिलं, कक्ष म्हटलं की आमच्याकडे लोकांना दवाखाना आठवतो, ‘बैठक’ म्हणा. त्याने अंगठा पाठवला.

मग त्याला खरे वापरणारे हवे होते. ओळखीतले चारपाच लोक, शक्यतो कमी शिकलेले, शक्यतो खेड्यातले. आमगावच्या अलीकडे एका गावात माझी मावशी राहते. तिसरी शिकलेली, वाचताना बोट लावते आणि ओळ संपायच्या आत कंटाळते. मी तिच्या फोनवर ॲप घातलं. शेजारच्या घरात तिचे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मावशीची मुलं त्यांना मोठेबाबा म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यापासून त्यांना फोनवरचं काही दिसत नव्हतं. त्यांच्याही फोनवर घातलं. एका दुपारी दोन कामं उरकली म्हणून मी खुशीत घरी आले.

आता भासरा हे प्रकरण सांगायला हवं. आमच्या भागातल्या शेतकरी घरांत जुन्या बायका भासऱ्याशी बोलत नाहीत. तो दिसला की पदर पुढे ओढायचा आणि बोलणं जिथे असेल तिथे थांबवायचं. तोही भावसुनेला, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोला, हाक मारत नाही. यात भांडण नसतं, राग नसतो, उलट अदब असते. निरोप द्यायचा तर मुलांच्या हातून. मी लहानपणी सुट्टीत तिकडे जायची तेव्हा दिवसभर या दोघांचं टपाल पोचवायची. ‘मोठेबाबाले म्हण, चहा झाला.’ ‘तिले म्हण, आज पाणी माह्या धानाच्या बांधीत सोडजो म्हणा.’ दोघं दहा हातांवर असायचे. घरं वेगळी झाली, मध्ये भिंत आली, तरी रीत तीच राहिली. मावशीच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली आणि ती मोठेबाबांशी एक शब्द बोललेली नाही.

मावशीचा नवरा, आमचे मावसाजी, सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटचे तीन दिवस ते दवाखान्यात होते आणि त्यांच्याजवळ मोठेबाबाच होते. मावशीला घरच्यांनी नेलं नाही, आज नेऊ उद्या नेऊ करत राहिले. नंतर तिच्या मुलाने मोठेबाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “काही नाही गा, शांत गेला.” तेवढंच. मावशी मला दरवर्षी एकदा तरी म्हणायची की तीन दिवसांत माणूस काही तरी बोललाच असेल ना. मी म्हणायची, विचारून टाक. मग ती माझ्याकडे, ही पोरगी शिकूनही बावळटच राहिली, अशा नजरेने बघायची.

ॲपवर तिने स्वतःच्या नावाऐवजी परसातल्या एका भाजीचं नाव घालायला लावलं. मोठेबाबांनी त्यांच्या मेलेल्या बैलाचं नाव घेतलं. बैठका पुष्कळ होत्या, भजनाच्या, नोकरीच्या, नुसत्या टवाळीच्या. पण आमच्याकडच्या चारपाच गावांतल्या लोकांनी धानाची एक बैठक उघडली होती, जेवणं झाली की दोन ते तीन. मावशी तिथे रमली. काही दिवसांनी मीही कामाचा भाग म्हणून ऐकत बसले, तर बैल म्हणत होता की बियाणं दोन रात्री भिजवलंच पाहिजे. आणि भाजी त्याला म्हणाली, “तुमचं चुकून राहिलं, भाऊ. दोन रात्रीनं बी सडते. मी करून पाहिलं आहे.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ती माझी मावशी होती आणि ती मोठेबाबांना ‘तुमचं चुकलं’ म्हणत होती.

मी लगेच तिला फोन लावला. म्हटलं, ते कोण आहेत ठाऊक आहे का तुला?

“मले काय आवाज समजत नाही का वो?” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी समजलं.”

“आणि त्यांना?”

“त्यायले कसं समजंल? त्यायनं माहा आवाज ऐकला कधी?”

हे तिचं म्हणणं मला पटलं. खरं तर पटवून घेणं आम्हा दोघींना सोयीचं होतं. तिने मला बजावून सांगितलं की हे कुणाला बोलायचं नाही, त्यांना समजलं की संपलं. मी हो म्हटलं.

मग मी रोज ऐकू लागले. मोठेबाबा तसे मितभाषी, पण आंधळेपणा आला की माणूस बोलका होतो की काय, ते तिथे खुलले होते. मावशी त्यांना हळूहळू वळवत नेत होती. तुमचं घर किती मोठं, भाऊ किती, आता कोण करते शेती. एक दिवस ते म्हणाले, लहान भाऊ होता, गेला. मावशी म्हणाली, कशानं? आणि मोठेबाबा सांगू लागले. एका दिवसात नाही. रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, बोलणं झालं, युरिया मिळत नाही यावर दोघातिघांनी तोंडसुख घेतलं, की शेवटी थोडंसं. पहिल्या दिवशी दवाखान्यात खाट कशी मिळाली. भावाला शेजारच्या खाटेवरचा नवेगावचा मासे धरणारा कसा आवडला आणि त्या दोघांनी तलावातल्या माशांवरून कसा वाद घातला. दुसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला आणि डॉक्टर नाही म्हणाले, तरी यांनी लपवून दोन घोट दिले. बैठकीतली बाकीची माणसं हं, हं करत. मावशी फक्त विचारी, “मंग?” मोठेबाबा म्हणत, “मंग उद्या.”

त्याच आठवड्यात त्या मुलाचा निरोप आला की एखादी मनाला भिडणारी खरी गोष्ट हवी आहे. मोठ्या लोकांपुढे ॲप मांडायचं आहे आणि छोटी जाहिरातही करायची आहे. मी त्याला मावशीची गोष्ट लिहून पाठवली. का पाठवली याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. नाव दिलं नव्हतं, गाव दिलं नव्हतं. गोष्ट चांगली होती आणि ती आधी मला दिसली होती, हे खरं कारण. त्याने पहिल्यांदाच मला फोन केला. त्याचा आवाज अगदी बारीक होता. तो म्हणाला, दीदी, यही तो हम बनाना चाहते थे.

मावशीचा आवाज वापरायला परवानगी लागत होती. मी तिला विचारलं, तुझं धानाच्या बियाण्याचं बोलणं जाहिरातीत घालू का? ती म्हणाली, “घाल ना, लोकायले कामी पडंल.” बोलण्याबरोबर काय लिहिलं जाणार आहे ते मी तिला सांगितलं नाही. लिहिणार मीच होते. पडद्यावर आवाजाची एक लाट हलते, मावशीचा आवाज येतो, तुमचं चुकून राहिलं भाऊ, आणि खाली अक्षरं उमटतात: गोंदिया जिल्ह्यातली एक सून. चाळीस वर्षं भासऱ्याशी एक शब्द नाही. आता रोज बोलते. मला ते तेव्हा चांगलं वाटलं होतं.

जाहिरात गावात पोचायला दोन दिवस लागले. पानठेल्यावर कुणाच्या तरी फोनवर वाजली आणि आवाज कोणाचा हे तिथल्या निम्म्या लोकांना लगेच कळलं. अक्षरं त्यांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली. बाकावर मोठेबाबा बसले होते. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकायला येत होतं. ते उठले आणि काठी टेकत घरी आले, असं मावशीच्या मुलाने मला नंतर सांगितलं. त्या दुपारी दोन वाजता बैलाचं नाव बैठकीत आलं नाही. भाजी तीन वाजेपर्यंत थांबली. तिसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं होतं.

दोन दिवसांनी मी गावी गेले. आधी मोठेबाबांकडे गेले, कारण मावशीसमोर जायची माझी हिंमत नव्हती. ते ओसरीवर बाजेवर बसले होते. मी म्हटलं, मोठेबाबा, चूक माझी आहे, तिची नाही. तिला वाटलं होतं तुम्हाला माहीत नाही.

“मले माहीत नव्हतं असं कोण म्हणते?” ते म्हणाले.

त्यांनी काठी दोन घरांमधल्या भिंतीच्या दिशेने उचलली.

“मधात एक वीतभर भिंत आहे, पोरी. चाळीस वर्षं ती पोट्ट्यायले रागावते, रोवणीत गाणे म्हणते, भांडे घासताना एकटीच बोलत राहते. मी काय बहिरा आहो? पहिल्याच दिवशी समजलं मले. तिलेच सांगून राहिलो होतो मी. बाकीच्यायले माह्या भावाचं काय करायचं?”

“मग आताही सांगा ना,” मी म्हटलं. “दोन ते तीन या. ती थांबते.”

“आता कसा सांगू? आता मले माहीत आहे हे तिले माहीत झालं, गावाले माहीत झालं. आता ती भावसून आहे.” मग म्हणाले, “तू कायले लिहिलं वो ते?”

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच विचारलं होतं. मला लाज वाटली, इतकी की बाजेच्या सुंभाकडे बघत राहिले. मी म्हटलं, मला सांगा, मी तिला सांगते. लहानपणी सांगायची तसं. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे भावाने डोळे उघडले, किती वाजले विचारलं, मग विचारलं, ती जेवली का. मोठेबाबा म्हणाले, जेवली. मग तो झोपला तो झोपलाच. ती जेवली होती की नाही हे आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हतं, हेही सांग म्हणाले.

मावशी परसात तांदूळ पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, मोठेबाबांना पहिल्यापासून माहीत होतं तेही. ती सूप थांबवून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

“हे त मले माहीतच होतं,” ती म्हणाली. “तुझे मावसाजी रोज शेतातून आले का तेच विचारत. मरतानाही तेच विचारलं असंल, दुसरं काय विचारतील? मले ते त्यायच्या तोंडून ऐकायचं होतं. ज्यायनं ऐकलं त्यायच्या तोंडून. तू सांगून काय होते?”

तिने पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, हे काढून टाक. मी तिचं खातं बंद करायला घेतलं. बंद करायच्या आधी पडद्यावर एक चौकट आली, तिच्यातलं वाक्य मीच लिहून दिलेलं होतं: जाण्याआधी काही सांगायचं आहे का?

“काय म्हणून राहिला तो?” मावशीने विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं आणि बटण दाबलं.