पाटीवरचं आत्मचरित्र

बारामतीत आमचा वाचनगट रविवारी दुपारी जमतो. एकदा कुणीतरी विषय काढला, हयात गणितज्ञांपैकी कुणाचं आत्मचरित्र वाचायला आवडेल? झालं! परदेशातल्या बक्षीसवाल्यांची नावं सुरू. मी म्हटलं, "मला निरवांगीच्या आमच्या सरांचं वाचायचंय."

"त्यांनी काय सिद्ध केलं?" एकानं विचारलं आणि बाकीचे हसले.

माझं डोकंच फिरलं. काही नाही केलं! एकाच प्रश्नापायी जन्म घालवला आणि तो सुटला नाही. जिंकलेल्यांचं काय, कुणीही लिहील. हरणारा माणूस रोज सकाळी पुन्हा त्याच प्रश्नापुढे कसा बसतो, ते मला वाचायचं होतं. मीही गणितच शिकवते, आणि मलाही काही सुटलेलं नाही.

निवृत्तीनंतर सर गावी धाकट्या भावाकडे राहत होते. त्यांचं आत्मचरित्र लिहून घ्यायला मी गेले तर भाऊ दारातच म्हणाला, "काय लिवायचं ते आत्ताच लिवून घ्या, बाई. आबास्नी सकाळचं संध्याकाळी आठवत न्हाय."

सरांची जुनी शिस्त होती. कच्चं काम पाटीवर, सिद्ध झालं तेवढंच कागदावर. आम्हा विद्यार्थ्यांनाही तीच. म्हणून मी पाटी घेऊनच बसले.

"मी कालव्यात पोहायला शिकलो," सर म्हणाले. मी लिहिलं.

"साक्षीदार कोण?"

"तुम्हीच की, सर."

"मी विसरतो. माझी साक्ष धरायची नाही. पूस."

पुसलं. आई गेली तो दिवस सांगितला, पण भाऊ तेव्हा पाळण्यात होता. तेही पुसलं. मग बायकोचं निघालं. ती कळंबची. एकदा चिडून तिनं पाटी उंबऱ्यावर आपटली होती, म्हणाली, ही सवत घरात नको. सांगताना सर चक्क हसले.

"हे राहू द्या ना, सर. पाया पडते तुमच्या."

"ती आहे का सांगायला? पूस."

रडत रडत पुसलं. आग लागो त्या शिस्तीला! घरी येऊन गुपचूप लिहिता आलं असतं, पण ते मग त्यांचं आत्मचरित्र कसलं?

कित्येक रविवार असेच गेले. कागदावर एकच वाक्य चढलं: प्रश्न सुटला नाही. "याला सगळं जग साक्षीला आहे," सर म्हणाले.

शेवटी मीच हट्टाला पेटले. "सर, तुम्ही मला शिकवलंत, एवढं तरी लिहिते. याला मी आहे ना साक्षीला!"

मी लिहून पाटी सरांपुढे धरली. जन्मात त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं.

"तुम्ही कोण, बाई?"

मी ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. या वेळी त्यांना सांगावं लागलं नाही.