न्हाणीत पाय घसरून

आमच्या रिमांड होममध्ये सगळे न्हाणीतच पडायचे. मुलाच्या हातची वीट डोक्यात बसलेला शिपाई, मनगटाला चावा घेतलेला पहारेकरी, पोटात लाथ खाल्लेली स्वयंपाकीणबाई, घटनांच्या रजिस्टरात सगळ्यांपुढे एकच ओळ: न्हाणीत पाय घसरून पडले. घसरल्यावर मनगटावर दात कसे उमटतात, हे विचारायची सोय नव्हती.

मुरबाडच्या बाहेर, रस्त्यापासून आत, एका जुन्या गोदामात हे होम होतं. नव्वदच्या दशकात मी तिथं काळजीवाहक म्हणून लागलो. नाव मोठं, काम साधं. पोरांना उठवायचं, मोजायचं, जेवायला बसवायचं आणि भांडली की मधे पडायचं. पाळीला आम्ही दोघं आणि समोर चाळीस पोरं, त्यातली काही आमच्याहून उंच. हत्यार म्हणाल तर एक शिट्टी. ती फुंकली तरी धावून येणारं कुणी नव्हतं.

अधीक्षकांचा सगळा जीव एका कागदात होता. दर महिन्याला वर अहवाल जायचा. त्यात मारहाणीच्या प्रकारांचा एक रकाना असायचा आणि त्यापुढे साहेब स्वतःच्या हातानं 'निरंक' लिहायचे. वळणदार अक्षर, खाली रेघ. अक्षर एवढं सुंदर, पण हा माणूस पोरांच्या खोलीत एकटा म्हणून कधी गेला नाही. आत आरडाओरडा सुरू झाला की साहेबांचं ब्लडप्रेशर वाढायचं, आणि ते आजारी रजा टाकून कल्याणला घरी जायचे. दोन दिवसांनी टवटवीत होऊन यायचे.

आमच्या आजारपणाला मात्र कायदा निराळा. रजेचा अर्ज आजाऱ्यानं स्वतः आणून द्यायचा. मला एकदा टायफॉइड झाला होता. टोकावड्याहून जीपच्या मागं लटकत आलो आणि अर्ज टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "इथवर आलास ना? मग हजेरीवर सही कर." न येईल तो गैरहजर आणि येईल तो ठणठणीत, असं त्यांचं वैद्यकशास्त्र. त्या दिवशी मी पोरांच्याच चटईवर पडून ड्युटी केली.

माझ्या पाळीचे जोडीदार म्हणजे दादा. टोकावड्याच्या पुढं, घाटाकडच्या गावचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. भातशेती सांभाळून नोकरी करायचे. हे काम मला त्यांनीच शिकवलं. पोरावर हात टाकायचा नाय, त्याला पाठ दाखवायची नाय, आणि उपाशी पोराशी वाद घालायचा नाय. सकाळच्या एसटीत ते माझ्या आधी चढायचे आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून माझी जागा धरायचे. त्या रुमालावरनं त्यांची रोज कुणाशी तरी बाचाबाची व्हायची.

तो भेटीचा दिवस होता. एका पोराची आई तिसऱ्यांदा आली नव्हती. त्यानं खिडकीची सुटलेली लोखंडी कडी उचलली आणि भिंतीवर भिरकावली. मधे दादा होते. कडी त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसली. मी माझा टॉवेल दाबून धरला, तो भिजला, मग त्यांचा दाबला. कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, दीड महिना घरी पडून राहा, धूळ नको, धावपळ नको, नाहीतर डोळा जाईल.

दादांची आजारी रजा उरली होती अकरा दिवस. कामावर जखम झाली तर वेगळी रजा मिळायची, बरं होईपर्यंत. पण त्यासाठी मारहाण झाली असं रजिस्टरात लिहावं लागणार होतं. म्हणजे निरंक गेलं.

ज्यानं कडी फेकली ते पोर आपणहून ऑफिसात आलं. "साहेब, मीच मारली. दादांना नव्हती मारायची."

"तू काही मारलं नाहीस," साहेब म्हणाले. "ते घसरले. जा, जेवून घे."

त्या कार्ट्याला जेवढी लाज होती त्याच्या निम्मी जरी साहेबाला असती, तरी दादांचा डोळा वाचता.

मग साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. साक्षीदाराची सही हवी होती. मी तेव्हा अजून कायम झालो नव्हतो. "तुझा कागद माझ्याच टेबलावर आहे," एवढंच ते बोलले. मी सही केली. साहेबाला मी आज भित्रा म्हणतो, नेभळट म्हणतो, पण त्याच्याच पेनानं सही करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

बाराव्या दिवशी दादा डोळ्यावर पट्टी बांधून हजर झाले. बिनपगारी रजा तरी द्या म्हणाले, तर साहेबांचं उत्तर, माणसं कमी आहेत. मैदानात पोरांची कवायत चालायची आणि दादा त्या धुळीत उभे राहायचे. दोन महिन्यांत डोळा गेला. मला ते म्हणाले, "चालायचंच रे." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर एसटीत ते मला नेहमी उजव्या हाताला बसवायचे. बोलताना तोंड दिसतं, म्हणायचे.

पुढं, दोन हजार सालानंतर, वरून एक मोठे अधिकारी तपासणीला आले. रजिस्टर चाळता चाळता हळहळले. इतकी माणसं न्हाणीत पडतात? आणि त्यांनी हुकूम काढला, न्हाणीची फरशी बदला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्याकडे तर अंगण सरळ करायला सरकार आलं. महिनाभरात खरखरीत लादी बसली. पोरांच्या टाचा सोलल्या.

काम बघायला अधिकारी पुन्हा आले. साहेब मागं हात बांधून उभे. अधिकाऱ्यांनी लादीवर बूट घासून पाहिला आणि दादांना कौतुकानं विचारलं, "काय, आता नाही ना घसरत पाय?"

दादा शांतपणे म्हणाले, "नाय साहेब. माझा तवाबी नव्हता घसरला."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर मागवलं, ते पान काढलं आणि विचारलं, "इथं साक्षीदार आहे. कोण हा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा कायम झालेला होतो. माझा कागद आता कुणाच्या टेबलावर नव्हता. साहेब निवृत्तीला आलेले, माझं वाकडं करायची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. मी म्हणालो, "मी, साहेब. घसरलेच होते ते."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर मिटलं. दादांनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि पोरांना आंघोळीला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोकावड्याला एसटीत चढलो. वाटलं, आज जागा नसणार. पण दादांनी रुमाल टाकलेला होता. फक्त आज ते सीटच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि रुमाल त्यांच्या डाव्या हाताला होता. मी बसलो. मुरबाड येईपर्यंत मी त्यांना दिसलो नाही.