निगेटिव्ह रिपोर्ट आणि ताकदीच्या गोळ्या

"कल्चर निगेटिव्ह आहे. क्लॅमिडिया वाढला नाही," नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी बायको शोभा हिनं तिथंच हात जोडले. रिपोर्ट असा का आला असेल, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू. बाईला कित्येकदा काही जाणवत नाही, आणि आतून ओटीपोट सुजत जातं. स्वॅब म्हणजे काडीनं गर्भाशयाच्या तोंडाशी घेतलेला नमुना. तो प्रयोगशाळेत वाढवून पाहणं म्हणजे कल्चर.

मी पांढरकवड्याचा, कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे गाडीत हात घालून कापसाची प्रत ठरवणारा. त्या वर्षांत भाव पडलेले, केंद्रापुढची गाड्यांची रांग हटत नसे. हंगामात दुसऱ्या तालुक्यात मुक्कामी असताना मी एका बाईकडे गेलो. कारणं सांगत नाही. काही दिवसांनी लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरकडे जायची लाज वाटली. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध दिलं. वर म्हणाला, "भाऊ, वहिनीले पण द्या. नाहीतं परत माह्याच दुकानात येसान."

घरी मी पाकीट फाडून गोळ्या सुट्या केल्या, नाव दिसू नये म्हणून. "ताकदीच्या हायेत," म्हणालो.

"माह्या ताकदीची येवढी काळजी कवापासून?" शोभा हसली.

चार दिवस तिनं त्या दुधासोबत घेतल्या. मळमळ झाली, सोडून दिल्या. मी आग्रह धरला नाही. जास्त बोललो तर ती विचारेल, ही भीती.

दोन आठवड्यांत तिचं ओटीपोट दुखू लागलं, ताप आला. यवतमाळला सोनोग्राफी झाली, मग नागपूर. स्वॅब घेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, "आधी काही औषध घेतलंय का?"

"नाही बाई. ताकदीच्या गोळ्या तेवढ्या," शोभा म्हणाली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो.

आणि आता हा रिपोर्ट. बाई पुढं म्हणाल्या, "मग पोटाच्या टीबीचा संशय धरावा लागेल. उद्या भूल देऊन दुर्बिणीनं आत पाहू. टीबी निघाला तर निदान सहा महिने औषधं."

शोभाचं वजन तेव्हा जेमतेम चाळीस किलो. तिनं मान डोलावली, जणू हे तिच्याच वाट्याचं होतं. मग मात्र मला बसवेना.

"मॅडम, त्या गोळ्या ताकदीच्या नव्हत्या," मी म्हणालो. शोभासमोरच सगळं सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. गोळीचं नाव लिहून घेतलं. "कल्चरला जिवंत जंतू लागतो. हा तर जिवंत पेशीतच वाढतो. अर्धवट औषधानं तो दबतो, आमच्याकडे उगवत नाही, पण शरीरात राहू शकतो. हे आधी सांगायचं होतं. आता या कागदावरून 'नाही' म्हणता येत नाही."

दुर्बिणीची तपासणी थांबली. दोघांनाही अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स मिळाला.

बाहेरच्या बाकड्यावर शोभा माझ्यापासून हातभर दूर बसली. मग म्हणाली, "लोकाइच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालता तुम्ही. वर चांगला अन् खाली ओला कापूस निंघाला तं गाडी वापस करता. माह्याशीच काहून असं केलं?"



तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मुलीनंतर दुसरं मूल होईल की नाही, हे बाईंना सांगता आलं नाही. पुढं झालं नाही. शोभा काही महिने माहेरी बोरी अरबला राहिली, मुलीची शाळा सुरू झाली तशी परतली. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नमुना देण्याआधी घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. नाव ठाऊक नसेल तर पाकीट न्या. आणि जोडीदाराला नाव लपवून गोळी देऊ नका.

आजही मी साधी तापाची गोळी पुढं केली की शोभा हात पुढं करत नाही. "कायची हाय?" विचारते. मी नाव सांगतो, पाकीट दाखवतो. ती चष्मा लावून वाचते, मगच पाणी मागते. तेवढं पाणी मी आणून देतो.