दादीचं मशीन

गुरुवारी सकाळी साडेअकराला अर्जनदासांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मला म्हणाले, "साईं, म्युझियम कॅन्सल."

म्युझियम म्हणजे उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका जुन्या बराकीतली एकच खोली. रविवारी प्रमुख पाहुणे तिची फीत कापणार होते आणि पहिली मंडळी बघायला यायची होती. आणि ती बंद व्हायला कारण होतं मी लिहिलेलं जेमतेम तीन वाक्यांचं लेबल.

आधी धंद्याबद्दल सांगतो. मी तीस वर्षं मुंबईतल्या एका संग्रहालयात लेबलं लिहिली. वस्तूच्या बाजूला जो चतकोर मजकूर असतो, तो. लोकांना वाटतं तो वस्तूबरोबरच येतो. तसं नसतं. तो कुणीतरी खुर्चीवर बसून लिहितो, वाचणारा मात्र उभा असतो आणि त्याचे पाय दुखत असतात. म्हणून लेबल छोटं हवं. दुसरी गोष्ट प्रॉव्हनन्स. शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा: वस्तू कुणाची, कुठून आली आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. यातलं एकही उत्तर डळमळीत असेल तर वस्तू भंगार आणि लेबल गप्पा.

निवृत्त होऊन मी बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आलो आणि हर्षाच्या तावडीत सापडलो. हर्षा अंबरनाथची. छोटी ट्रॅव्हल कंपनी चालवते. तिचं म्हणणं असं की लोक जुन्या वस्त्या बघायला राजस्थानात जातात, आणि आपल्या पायाखाली काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं. तिने एका दिवसाची सहल आखली. सकाळी अंबरनाथचं शिवमंदिर, मग उल्हासनगरची बराक, तिथेच दाल-पकवान, शेवटी जुनं बदलापूर गाव.

तिचं गाइडिंग मी एकदा ऐकलं. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं आणि बदलापुरात घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं ती ठणकावून सांगत होती.

"पुरावा?" मी विचारलं.

"सर, लोक आवडीने ऐकतात."

"मग पुढे 'असं म्हणतात' एवढं जोड. दोन शब्दांत तू सुटशील आणि पांडवही."

तिने जोडलं. वर मला त्या खोलीची लेबलं लिहायला सांगितली.

कॅम्पातल्या बराकी दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्यांत राहिली. एका लांबलचक दालनात गोणपाटाचे पडदे लावायचे आणि दोन पडद्यांमधला तुकडा म्हणजे घर. पुढे बहुतेक बराकी पडल्या, इमारती आल्या. अर्जनदासांची खोली उरली, कारण ते ती द्यायला तयार नव्हते. वय ब्याऐंशी. मुलगा हरीश, जीन्सचा व्यापारी. त्याला ती खोली गोदामासाठी हवी होती. बापलेकांत तह झाला होता: रविवारी म्युझियम सुरू झालं तर ठीक, नाहीतर सोमवारी हरीशचे खोके आत.

अर्जनदासांची अट एकच होती. "दादी का नाम आना चाहिए. बाकी जो मर्जी लिखो."

खोलीत तांब्याची घागर होती, एक ट्रंक होती आणि हाताने फिरवायचं काळं शिलाई मशीन होतं. मशीनबद्दल विचारल्यावर ते म्हणाले होते, "हम जहाज में आए. मैं पाँच साल का था. मशीन दादी लाई. उसी पे घर चला." दादीचं नाव ईश्वरी. मी वहीत टिपलं.

मी त्या वेळी एका वेगळ्याच शब्दाशी झुंजत होतो. 'निर्वासित' लिहू का, 'विस्थापित'? 'शरणार्थी' म्हटलेलं अर्जनदासांना खपत नसे. "शरण कोण आला? आम्ही पुरुषार्थी," असं ते मराठीत सुनवायचे. मी दोन दिवस घालवले आणि शेवटी लिहिलं, 'सिंधमधून आलेली कुटुंबं'. कुणाची मान खाली नाही, कुणाची उगाच वर नाही. स्वतःवर भलताच खूश झालो. मशीनचं लेबल त्यानंतर पाच मिनिटांत लिहून टाकलं:

'शिलाई मशीन. अर्जनदास यांच्या आजी ईश्वरीबाई यांनी कराचीहून जहाजाने सोबत आणले. या मशीनवर कुटुंबाचा चरितार्थ चालला.'

गुरुवारी ड्राय रन होती, म्हणजे पाहुण्यांशिवायची तालीम. अर्जनदास सिंधी वाचतात, तीही उर्दूसारख्या लिपीतली. मराठी बोलतात, वाचत नाहीत. म्हणून हर्षा एकेक लेबल हिंदीत सांगत गेली. घागरीला त्यांनी मान डोलावली. ट्रंकेला डोलावली. मशीनला थांबले.

"किसने लाया?"

"आपकी दादी ने."

"हाँ. आगे?"

"आगे क्या? दादी. ग्रँडमदर. जहाज से लाई."

म्हाताऱ्याने लेबलावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळला. "मेरी डाडी तो उधरही गुजर गई, साईं. मैंने शकल नहीं देखी. आपने तेरह साल की लडकी को बुढ्ढी बना दिया."

आणि कुलूप.

सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. आजी म्हणजे डाडी, आणि त्यातला ड आपल्या ड सारखा नसतो, श्वास आत ओढून म्हणायचा असतो. जन्मभर सिंध्यांच्या शेजारात राहणाऱ्या माणसालाही हे कळत नाही, कारण दादी हा शब्द आपल्याला आधीच येत असतो. न येणारा शब्द मी दहा लोकांना विचारला असता. हा विचारला नाही.

मी दारातच वही काढली. नोंद बरोबर होती. 'हम जहाज में आए.' पूर्णविराम. मग पाच वर्षांचा. पूर्णविराम. 'मशीन दादी लाई.' शब्द वाचवायच्या सवयीने मी मधले पूर्णविराम खाल्ले होते आणि मशीन जहाजात चढवलं होतं.

"मशीन जहाजातून नाही आलं?" मी विचारलं.

"जहाज में हमारे पास चप्पल नहीं थी. मशीन कहाँ से आएगा?"

हर्षाने मला कोपऱ्यात घेतलं. "सर, आजीचं मी सांभाळून घेते. पण जहाज ठेवू या ना. ब्रोशरमध्ये छापलंय. लोकांना जहाज आवडतं."

"घोडेही आवडतात."

"मग 'असं म्हणतात' लिहा."

"कोण म्हणतं? तो समोर उभा आहे आणि नाही म्हणतोय."

"जहाज काढलं तर उरलं काय, सर?"

"ते अजून विचारलंच नाही आपण."

माझं हे उत्तर ऐटदार होतं, पण खोली बंद ती बंदच. अर्जनदास घरी निघून गेले. हरीश दारात आला, मोजपट्टीने नव्हे पण डोळ्यांनी खोली मोजली आणि सहानुभूतीने म्हणाला, "अंकल, पप्पाचं असंच आहे. दादीच्या बाबतीत आम्हीपण तोंड उघडत नाही."

शुक्रवारी सकाळी मी रिक्षाने पुन्हा कॅम्पात गेलो. माफीचं भाषण तयार होतं. अर्जनदास बराकीबाहेर खुर्चीवर बसले होते. मी सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला. "भाषण कल चीफ गेस्ट का सुना फोन पे. बस हुआ. बैठो. पूछो."

मी विचारलं. या वेळी प्रत्येक वाक्यानंतर थांबलो. "दादी म्हणजे बडी बहन. बरोबर?" "बरोबर." "मशीन कुठून आलं?" "कल्याण."

वडील कॅम्पात पहिल्याच वर्षी गेले. आई बोलेनाशी झाली. मागे चार मुलं, त्यांत ईश्वरी थोरली. कल्याणच्या एका शिंप्याकडे ती वर्षभर काज-बटणं करत होती. वर्ष संपल्यावर तिने त्याच्या दुकानातलं पडून असलेलं मशीन मागून घेतलं आणि डोक्यावर ठेवून चालत निघाली. बरोबर धाकटा भाऊ.

"तुम्ही?"

"मैं. ढक्कन मैंने उठाया था."

"कसलं ढक्कन?"

ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. खरं म्हणजे हवाच होता. असल्या मशीनला लाकडी झाकण असतं हे तीस वर्षं संग्रहालयात काढलेल्या माणसाला माहीत असायला पाहिजे. अर्जनदास उठले, घरात गेले आणि कपाटावरून झाकण घेऊन आले. तांबूस लाकूड, एक कोपरा उडालेला.

"वालधुनी के पूल पे मेरे हाथ से गिरा. मैं रोया. दादी ने सिर पे मशीन लेके ही पूछा, लगा क्या? मैं बोला, टूटा. वो बोली, तेरे को लगा क्या?"

मी लिहून घेतलं. पूर्णविरामांसकट. मग बसल्या जागी नवं लेबल लिहिलं आणि हिंदीत वाचून दाखवलं:

'शिलाई मशीन, झाकणासह. वर्षभर काज-बटणं करून चौदा वर्षांच्या ईश्वरीने मिळवलं आणि कल्याणहून डोक्यावर आणलं. झाकण सहा वर्षांच्या अर्जनने उचललं होतं. ते वालधुनीच्या पुलावर पडलं. या मशीनवर तिची तीन भावंडं शिकली. ती स्वतः शाळेत गेली नाही.'

"चौदा?" त्यांनी अडवलं. "आए तब तेरह थी."

"नंतर एक वर्ष काज-बटणं. चौदा. आणि तुम्ही सहा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "बरोबर," ते म्हणाले आणि खिशातून किल्ली काढली. "पर एक बात है. वो पत्थर निकालो."

पत्थर म्हणजे कोनशिला. संगमरवराची. ती स्थानिक हितचिंतकांनी आधीच आतल्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि खिडकीपेक्षा मोठी होती. तिच्यावर शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती आणि विनीत मिळून चौदा नावं होती. ईश्वरी त्यांत नव्हती. ती बहुधा नुसतीच उपस्थित असायची.

हर्षाने दोन फोन केले. "सर, आत नाही लावली तर ते चिडतील."

"त्यांना सांग, आत लावली तर फोटोला पुरेसा उजेड नाही."

कोनशिला बाहेर गेली, सार्वजनिक नळाच्या वर. प्रमुख पाहुण्यांना जागा फार आवडली.

रविवारी ते आले, फीत कापली, नळाशी फोटो काढले आणि आत न येताच पुढच्या कार्यक्रमाला गेले. मग हर्षाची मंडळी आली, बहुतेक डोंबिवलीची. ब्रोशरवरचं जहाज तिने पेनाने खोडलं होतं. छापील चूक पेनाने खोडणारी ट्रॅव्हल कंपनी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

लेबल लागू पडलं की नाही हे ओळखायची आमच्या धंद्यात एक खूण आहे. माणूस वाचून पुढे सरकला तर नाही. वाचून परत वस्तूकडे वळला तर हो. एक साठीच्या बाई चष्मा कपाळावर चढवून वाचत होत्या. वाचून झालं. त्या मशीनकडे वळल्या. वाकल्या. झाकणाचा उडालेला कोपरा शोधून त्यावर बोट ठेवलं.

"हात लावू नका" अशी पाटी तिथे मीच लावली होती. मी दुसरीकडे बघितलं.

"लगा नहीं था," अर्जनदास शेजारून त्यांना म्हणाले. "मेरे को कुछ नहीं लगा था."

हरीश दारात उभा होता. "अंकल, गोदाम तर गेलं माझं," तो म्हणाला. मग आत येऊन गर्दीत ती ट्रंक जरा मागे सरकवली, लोकांना उभं राहायला जागा व्हावी म्हणून.

खोली आता दर रविवारी उघडते. किल्ली हर्षाकडेही एक असते. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा लेबलाखाली शाईने, उजवीकडून डावीकडे, एक ओळ लिहिलेली दिसली. संग्रहालयात असं केलं असतं तर मेमो मिळाला असता.

"काय लिहिलंय?" मी अर्जनदासांना विचारलं.

"दादी ईश्वरी."

"दादी म्हणजे?"

ते हसले. "साईं, मालूम है आपको. हर बार पूछोगे?"

"हर बार," मी म्हणालो.