नोट खरी, बँक नाही

कार्डावर सहीऐवजी पिन, म्हणजे चिप अँड पिन, नुकतंच आलं होतं. मी इंग्लंडात ब्रॅकनेलमध्ये एका बँकेच्या फ्रॉड टीमला लागलो होतो. ट्रेनिंगच्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्लास्टिकच्या पाकिटातली एक फार जुनी अमेरिकन नोट सगळ्यांत फिरवली. यात खोटं काय, ओळखा म्हणाल्या. कुणी कागद म्हणालं, कुणी शाई. मी म्हणालो सही. पण ते सगळं खरंच होतं. खोटी होती ती बँक. त्या काळी तिकडे कुणीही बँक काढून नोटा छापायचा, आणि काही बँका त्या कागदाबाहेर कुठे नव्हत्याच. म्हणून दुकानदार खऱ्या बँकांच्या यादीचं एक चोपडं जवळ ठेवायचे. यादीत नाव नसलं की नोट परत.

मला गंमत वाटली. दोनच आठवडे.

मग एचआरने बोलावलं. बॅकग्राउंड चेकमध्ये माझं कॉलेज सापडत नव्हतं. पदवीचा कागद होता, शिक्क्यासकट. आमच्या घराण्यातला पहिला. पण त्यांच्या यादीत त्या नावाचं कॉलेजच नव्हतं. महिनाअखेरपर्यंत खुलासा आला नाही तर नोकरी जाणार होती, आणि वर्क परमिट तिच्यावरच होतं. शेजारच्या डेस्कवरचा नागपूरचा मित्र म्हणाला, "तू पण ती नोटच निघालास की रे."

मी हसलो नाही. शिकताना दमलो नव्हतो तेवढा शिकलोय हे दाखवताना दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कार पार्कमधून कॉलेजला फोन लावला. क्लार्कने शांतपणे सांगितलं, कॉलेज जागेवरच आहे, फक्त नामांतर झालंय. चेअरमनच्या वडिलांचं नाव दिलंय. तसं पत्र मिळेल, पण घरच्या कुणीतरी येऊन अर्ज द्यायला हवा, सहीनिशी.

"वडील येतील," मी म्हणालो. "पण ते अंगठा लावतात."

"चालतंय. पॅड आहे इथं."

अण्णा दोनदा एसटीने गेले. पहिल्या खेपेला साहेब रजेवर होते. मी चार वर्षं ज्या कॉलेजात शिकलो, तिथे ते पहिल्यांदाच जात होते. फोनवर त्याबद्दल एवढंच बोलले, की बाकं चांगली आहेत आणि शिपायाने चहा विचारला.

फॅक्स आला. एचआरच्या बाईंनी पत्र वाचलं, ठीक आहे म्हणाल्या. मागे अर्जाची प्रतही आली होती. तिच्यावरच्या काळ्या डागावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे पान नीट आलं नाही का?

"नीट आलंय," मी म्हणालो. "ती माझ्या वडिलांची सही आहे."

त्यांनी दोन्ही पानं फाइलला लावली. मी जागेवर जाऊन बसलो. त्या दिवशी माझ्याकडून काही काम झालं नाही.