शेवटच्या रांगेतली दाद

मुलांनो, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आबांचा आवाज कसा होता? मला आठवतच नाहीये." दादा म्हणाला, त्यालाही नीट आठवत नाही. आबांना जाऊन दोनच वर्षं झालीत. मी म्हटलं, "त्यात काय, पाठवते. माझ्याकडे सगळं आहे."

मला खात्रीच होती. मी कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा तुमच्या बाबाने मला एक छोटा रेकॉर्डर पाठवला होता. तेव्हापासून आबांबरोबर ऐकलेलं प्रत्येक गाणं त्यात आहे. प्रत्येकाला क्रमांक, आणि वहीत त्यापुढे ठिकाण, गायक, राग. फोनवर आबा कधी बोलत नसत. तुमचा कॉल आला की हसून बघायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. पण गाण्याला मात्र ते गप्प बसूच शकत नसत. जागा आवडली की त्यांच्या तोंडून "वाऽऽ" निघायचं. पाटोद्याकडच्या शेतातून बैलांना हाक मारत वाढलेला तो आवाज, किंचित घोगरा. पुढे कोर्टात इतकी वर्षं नोकरी करूनही तो काही हळू झाला नाही.

पहिलं रेकॉर्डिंग कॉलेजच्या सभागृहातलं, रविवारी सकाळचं. एक गायिका तोडी गात होत्या. घरी येऊन ऐकलं तर दर दोन मिनिटांनी आबा. मी ते पुसून टाकलं आणि वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलं, "खराब."

"अहो, गाणं त्यांचं आहे की तुमचं?" मी विचारलं.

"मी काय मुद्दाम करतो का? निघतंय तोंडातून. उद्या शिंकायला बी तुझी परवानगी घ्यावी लागंल."

पुढच्या मैफलीत ते माझ्या शेजारीच बसले, पण मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. त्यानंतर मात्र मी जागाच ठरवून दिल्या. मी रेकॉर्डर घेऊन पुढे, ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ. त्यांनी वाद घातला नाही. पाठीमागे हात बांधून गेले आणि बसले.

पाटोद्याच्या अलीकडे एका दर्ग्यात उरुसाला दुपारी कव्वाली असायची. तिथले म्हातारे कव्वाल आबांना चांगले ओळखत. कव्वालीत ज्याच्या मनाला ओळ लागली, त्याच्याकडे वळून ती पुन्हा पुन्हा गातात. तो जोवर भिजतो आहे तोवर कव्वाल पुढे जात नाही. आबांसाठी ते एकेक ओळ दहा वेळा गायचे. मी जागा ठरवून दिल्या त्या वर्षी ते पेटी थांबवून मागे बघायला लागले.

"साहेब, आज मागं कावून? नाराज हाय का आमच्यावर?"

"न्हाई बाबा," आबा मागून ओरडले, "रेकॉर्डिंग चालू हाय. आमाला बोलायची बंदी."

"मंग भाभी, आमी गावं कुणाकडं बघून? या डबीकडं?" त्यांनी माझ्या मांडीवरच्या रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक ओळ दोनदा गायली आणि पुढे गेले. रेकॉर्डिंग फार स्वच्छ आलं. वहीत मी "उत्तम" असं लिहून ठेवलं आहे.

परत येताना आम्ही मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबायचो. दिवसभर अडवून धरलेलं सगळं आबा तिथे बोलायचे. "ती दुसरी ओळ आठव. कसं फेकलं गं त्यानं! लई म्हणजे लईच!" टेबलावर थाप, मग "वाऽऽ", आणि ढाब्यातले ट्रकवाले वळून बघायचे. रेकॉर्डर तेव्हा बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवलेला असायचा.

तर, मुलांनो, गेले तीन आठवडे मी रोज सकाळी चहा झाल्यावर हेडफोन लावून बसते आहे. एकूणएक फाईल ऐकली. तोडी आहे, भैरव आहे, कव्वाल आहेत, टाळ्या आहेत. टाळ्यांतल्या आबांच्या कोणत्या, ते मला ओळखता येत नाही. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

एका ठिकाणी मात्र ते सापडले. क्रमांक दोनच्या फाईलमध्ये, जेव्हा ते अजून माझ्या शेजारी होते. गायिका समेवर येते आणि आबा म्हणतात, "वा—". लगेच माझा आवाज येतो, "शूऽऽ!" त्यापुढे गाणं संपेपर्यंत आबा नाहीत.

तेवढा तुकडा वेगळा काढून पाठवावा म्हणून काल दिवसभर बसले होते. माझं "शू" कापून टाकायचं होतं. पण त्यांचं "वा" संपायच्या आत माझं सुरू झालेलं आहे. माझं कापलं की त्यांचंही जातं, आणि ते आधीच अर्धं आहे.

म्हणून आहे तसंच पाठवते आहे. आवाज मोठा करून ऐका. पहिला आवाज आबांचा.